गाण्यांचं आवडतं वर्ष कसं निवडायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आवडतं गाणं विचारलं की कुणीही पटकन सांगतं. गाण्यांचं आवडतं वर्ष विचारलं की माणूस थांबतो, मनातल्या मनात बेरजा करायला लागतो. गेली बरीच वर्षं मी याच नादात आहे. एक जुनं वर्ष घ्यायचं, जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत ऐकायचं, वहीत टिपणं काढायची, मग पुढचं वर्ष. हे कळलं की लोक जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं माझी आहेत आणि ती मला मनापासून पटलेली आहेत.

दशक सोडून एकच वर्ष कशाला?

कारण दशकात काहीही मावतं. 'साठचं दशक' म्हणताना 'मुगल-ए-आझम' (१९६०) आणि 'तीसरी मंझिल' (१९६६) आपण एका दमात घेतो. नौशादांची ती भरजरी रचना आणि आर. डी. बर्मन यांचे ते उसळणारे ब्रास आणि गिटार लागोपाठ लावून बघा, मधे अख्खी पिढी गेल्यासारखं वाटेल. बीटल्सचंही तेच. त्यांच्या पहिल्या अल्बममधल्या १४ गाण्यांपैकी १० गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात ध्वनिमुद्रित झाली. चारच वर्षांनी 'सार्जंट पेपर्स' करताना त्यांनी स्टुडिओत महिनेच्या महिने काढले.

वर्ष आवाक्यातलं असतं. महिनाभर रोज तास-दीड तास दिला तर एक वर्ष बऱ्यापैकी ऐकून होतं. शिवाय एका वर्षातले कलाकार एकमेकांचं ऐकत असतात, तीच यंत्रं हाताळत असतात, एकाचं गाणं आलं की दुसरा त्यावर विचार करत असतो. ही देवाणघेवाण दशकाच्या अंतरावरून दिसतच नाही.

गाण्याचं वर्ष कोणतं धरायचं: मुद्रित झालं ते, बाहेर आलं ते, की गाजलं ते?

सगळ्यात जास्त वाद याच प्रश्नावर होतात आणि व्हायलाच हवेत. इथे नियम ठरवला नाही तर पुढचं सगळं ढिसाळ होतं.

'पाकीझा' घ्या. चित्रपट फेब्रुवारी १९७२ मध्ये लागला. त्याचं काम पन्नाशीच्या दशकात सुरू झालं होतं आणि संगीतकार गुलाम मोहम्मद १९६८ मध्येच गेले. राहिलेलं काम नौशादांनी पुरं केलं. म्हणजे 'चलते चलते' किंवा 'ठाडे रहियो' आपण १९७२ ची गाणी म्हणून मोजतो, पण त्यांचा स्वभाव १९७२ चा नाही. आजूबाजूला त्या वर्षीची इतर गाणी लावली की हे लगेच कानाला जाणवतं.

दुसरं उदाहरण 'लेट इट बी'चं. हा अल्बम मे १९७० मध्ये आला आणि बीटल्सचा शेवटचा अल्बम ठरला. त्यातलं बरंचसं काम जानेवारी १९६९ मधलं आहे, म्हणजे सप्टेंबर १९६९ मध्ये आलेल्या 'ॲबी रोड'च्या आधीचं. क्रम उलटा झाल्यामुळे 'लेट इट बी' ऐकताना लोक त्यात निरोप शोधतात. निरोपाचं काम खरं तर 'ॲबी रोड'मध्ये झालेलं आहे.

ओटिस रेडिंग यांनी 'द डॉक ऑफ द बे' १९६७ च्या अखेरीस गायलं आणि त्यानंतर काही दिवसांतच, १० डिसेंबरला, विमान अपघातात ते गेले. गाणं जानेवारी १९६८ मध्ये आलं आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं. हे गाणं कुठल्या वर्षाचं?

देश बदलला तरी वर्ष बदलतं. ॲबाचं 'डान्सिंग क्वीन' ब्रिटनमध्ये १९७६ च्या सप्टेंबरात पहिल्या क्रमांकावर होतं, अमेरिकेत तिथे पोचलं ते एप्रिल १९७७ मध्ये. आणि मायकेल जॅक्सनचा 'थ्रिलर' तर तीन वर्षांत पसरलेला आहे: बाहेर आला नोव्हेंबर १९८२ मध्ये, जग हलवलं १९८३ मध्ये, ग्रॅमी पुरस्कार मिळाले फेब्रुवारी १९८४ मध्ये.

माझा नियम सरळ आहे. लोकांना पहिल्यांदा ऐकायला मिळालं ते वर्ष. रेकॉर्ड आधी आली तर रेकॉर्डचं, चित्रपट आधी लागला तर चित्रपटाचं, रेडिओवर आधी वाजलं तर रेडिओचं. त्यामुळे 'थ्रिलर' १९८२ मध्ये जातो आणि १९८३ च्या चाहत्यांचा जीव तळमळतो, पण निदान प्रत्येक गाण्याला एकच घर मिळतं. तुम्हाला 'गाजलं ते वर्ष' हा नियम जास्त पटत असेल तर तो घ्या. मात्र मग तो शेवटपर्यंत पाळा. आवडत्या गाण्यासाठी एक नियम आणि नावडत्यासाठी दुसरा, असं करू नका.

ॲपवर दिसणारं वर्ष बरोबर असतं का?

बऱ्याचदा नसतं. स्ट्रीमिंगवर जुनं गाणं शोधलं की ते संकलनातून किंवा रीमास्टर केलेल्या आवृत्तीतून समोर येतं आणि वर्ष त्या आवृत्तीचं दिसतं. माझ्या पहिल्या वहीतली जवळपास अख्खी एक यादी अशीच चुकली होती. साठीतली गाणी नव्वदीत लिहिली गेली होती आणि ते लक्षात येईपर्यंत मी 'या वर्षी जुन्या शैलीचं पुनरागमन झालं' असं टिपणही काढून बसलो होतो. तीन आठवड्यांचं काम पुसावं लागलं.

हाताशी मूळ रेकॉर्ड किंवा कॅसेट असेल तर लेबल बघा. सत्तरीपासूनच्या बऱ्याच रेकॉर्डवर वर्तुळातलं 'पी' हे चिन्ह आणि त्यापुढे वर्ष असतं. ते ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या प्रकाशनाचं वर्ष. वर्तुळातलं 'सी' वेगळं, ते मुखपृष्ठ आणि मजकुराच्या हक्काचं. चित्रपटगीत असेल तर चित्रपट कधी लागला ते तपासा, आणि डिसेंबर-जानेवारीच्या हद्दीवरचं गाणं असेल तर दोनदा तपासा.

सुरुवात कशी करू?

विचार न करता तीन वर्षं लिहून काढा. चौथं सुचायच्या आत थांबा. मग प्रत्येक वर्षासाठी तीस गाण्यांची यादी करा, पण ती अशी: दहा गाणी सगळ्यांना माहीत असलेली, दहा तुमची स्वतःची लाडकी, आणि दहा अशी की जी तुम्ही कधीच ऐकलेली नाहीत. हा तिसरा दहाचा गट जमवायला वेळ लागतो. चित्रपटांच्या बाबतीत न चाललेल्या चित्रपटांची गाणी घ्या. सिंगल असतील तर मागच्या बाजूची, म्हणजे बी साइडची गाणी घ्या. हिट यादी मिळाली तर तिच्या तळाकडची नावं उचला.

आता ही तीस गाणी आवडीच्या क्रमाने न लावता महिन्यांच्या क्रमाने ऐका. कुठे पुढे ढकलावंसं वाटलं तिथे खूण करा. तीनही वर्षं झाली की खुणा मोजा, आणि मोजताना फक्त तिसऱ्या गटाकडे बघा.

माझं सगळं म्हणणं या तिसऱ्या गटात आहे. मोठी गाणी कुठल्याही वर्षात सापडतात. प्रतिभावान माणूस कॅलेंडर बघून जन्माला येत नाही, त्याचं उत्तम काम वाईट वर्षातही येतं. वर्षाची खरी पत कळते ती त्या वर्षी रोजचं काम म्हणून केलेल्या गाण्यांवरून: ज्या गाण्यांकडून कुणाची मोठी अपेक्षा नव्हती, ज्यांचे वादक आज कुणाला ठाऊक नाहीत. अशी गाणी जर नीट बांधलेली असतील, त्यांचा ठेका जिवंत असेल, अंतऱ्यात काहीतरी करून बघितलेलं असेल, तर त्या वर्षी सगळ्यांचीच पातळी वर होती असं समजा.

मला माझ्या कॉलेजच्या दिवसांतलंच वर्ष आवडतं. हे फक्त आठवणींचं प्रेम आहे का?

काही अंशी हो, आणि ते जगभर सगळ्यांचंच असतं. मॉरिस हॉलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर या अमेरिकन संशोधकांनी १९८९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या वयाच्या लोकांना निरनिराळ्या दशकांतल्या गाजलेल्या गाण्यांचे तुकडे ऐकवले आणि पसंती विचारली. पसंतीचा कळस आला तो ऐकणाऱ्याच्या वयाच्या साधारण चोविसाव्या वर्षी गाजत असलेल्या गाण्यांवर. त्या वयात आयुष्यात पहिल्यांदाच घडणाऱ्या गोष्टी खूप असतात आणि मागे कुठलंतरी गाणं वाजत असतं. ते दोन्ही एकमेकांना चिकटतात.

त्याहून मला भावलेला अभ्यास कॅरल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांचा, २०१३ चा. वीस वर्षांच्या आसपासच्या मुलांना जुनी गाणी ऐकवली, तेव्हा त्यांच्या पसंतीत स्वतःच्या काळाखेरीज आणखी एक उंचवटा दिसला: आईवडील तरुण असतानाच्या गाण्यांचा. त्याच्याही मागे, साठीतल्या गाण्यांपाशी, आणखी एक होता. म्हणजे घरात कुणीतरी लावलेलं गाणं पुढच्या पिढीच्या कानात आपोआप उतरतं.

त्यामुळे तुमचं कॉलेजचं वर्ष यादीतून काढू नका. फक्त त्याला तिसऱ्या गटाची परीक्षा द्यायला लावा. न ऐकलेल्या दहा गाण्यांशी तुमची एकही आठवण जोडलेली नसते. तीही आवडली, तर तुमचं प्रेम त्या वर्षातल्या संगीतावरही आहे.

जन्माच्या आधीचं वर्ष निवडलं तर चालेल?

अर्थात. माझं स्वतःचं तसंच आहे. त्या काळात जगलेल्या माणसाशी बोलायची संधी मिळाली तर मात्र सोडू नका. यादीत सगळ्यात वर असलेलं एखादं गाणं त्यांना आठवतही नाही आणि भलतंच एखादं गाणं ते पहिल्या ओळीपासून म्हणून दाखवतात, असं मी अनेकदा पाहिलं आहे.

हिट याद्यांवर किती विश्वास ठेवायचा?

याद्या वापरा, पण त्या कशा बनायच्या हे माहीत असू द्या. ब्रिटनमधली पहिली यादी १४ नोव्हेंबर १९५२ ला छापून आली. एका साप्ताहिकातर्फे काही दुकानांना फोन करून कोणत्या रेकॉर्ड खपताहेत ते विचारलं गेलं आणि त्यावरून क्रम लावला गेला. अमेरिकेतली, बिलबोर्ड या नियतकालिकाची 'हॉट १००' ऑगस्ट १९५८ पासूनची. आपल्याकडे १९५२ पासून रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' होती. वर्षाच्या शेवटी ते वर्षभराचा हिशोब मांडत आणि लोक तो क्रम परीक्षेच्या निकालासारखा लिहून घेत.

अमेरिकेत १९९१ पर्यंत याद्या बऱ्याच अंशी दुकानांनी तोंडी दिलेल्या माहितीवर चालत. त्या वर्षी मे महिन्यापासून अल्बमच्या यादीसाठी बारकोडवरून प्रत्यक्ष विक्री मोजायला सुरुवात झाली, आणि कंट्री आणि रॅप संगीत एकदम वर आलं. लोकांची आवड एका आठवड्यात बदलली नव्हती. ती आधीपासूनच तशी होती, दिसत नव्हती एवढंच. म्हणून १९९० च्या आणि १९९२ च्या याद्या शेजारी ठेवून 'संगीत किती बदललं' असा निष्कर्ष काढू नका.

यादी एक फार मोलाचं काम करते: आपल्या मनातलं वर्षाचं चित्र तपासून देते. १९६९ म्हटलं की डोळ्यांसमोर वुडस्टॉक संगीत महोत्सवाचा चिखल आणि हेंड्रिक्सची गिटार येते. बिलबोर्डच्या त्या वर्षाच्या वार्षिक यादीत पहिलं गाणं होतं 'शुगर, शुगर', आर्चीज या कार्टूनमधल्या बँडचं. १९६७ मध्ये बीटल्सची 'पेनी लेन' आणि 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' ही जोडगोळी ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर अडली, कारण वर एंगलबर्ट हम्परडिंक यांचं 'रिलीज मी' ठाण मांडून बसलं होतं. मला 'रिलीज मी' आवडतं. क्रांतीच्या त्या वर्षी लाखो लोकांना संध्याकाळी घरी बसून एक शांत, जुन्या वळणाचं गाणं ऐकावंसं वाटत होतं, हेही त्या वर्षाबद्दलचं खरं आहे आणि ते वगळून १९६७ समजत नाही.

थोर अल्बम मोजले आणि ज्या वर्षी जास्त ते निवडलं, तर?

मग तुम्ही १९७१ वर पोचाल. कॅरल किंगचा 'टॅपेस्ट्री', मार्व्हिन गे यांचा 'व्हॉट्स गोइंग ऑन', जोनी मिचेलचा 'ब्लू', रोलिंग स्टोन्सचा 'स्टिकी फिंगर्स', लेड झेपलिनचा चौथा अल्बम, डेव्हिड बोवीचा 'हंकी डोरी'. सगळे एकाच वर्षातले. किंवा १९९१ वर पोचाल: निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड', पर्ल जॅमचा 'टेन', मॅसिव्ह ॲटॅकचा 'ब्लू लाइन्स', यू टूचा 'आख्टुंग बेबी'. दोन्ही वर्षं जबरदस्त आहेत. १९७१ माझं जवळजवळ ठरलं होतं.

पण अल्बम मोजण्यात एक मोठी गल्लत आहे. एलपी, म्हणजे अख्खा अल्बम मावेल अशी तबकडी, आली १९४८ मध्ये, आणि सुरुवातीला बराच काळ लोकप्रिय गाणी मुख्यतः सुट्या रेकॉर्डवरच खपत. जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत आणि त्या तीन मिनिटांत सगळं सांगायचं हीच कला होती. अल्बम मोजले की हा सगळा काळ आपोआप बाद होतो. आपली चित्रपटगीतंही बाद होतात, कारण आपल्याकडे मोजायचं माप मुळात गाणं हेच आहे.

तंत्र बदललं की वर्ष मोठं होतं का?

कधी कधी. कॅसेट १९६३ ची, पण तिने ऐकण्याची सवय बदलली ती नंतर, विशेषतः १९७९ मध्ये वॉकमन आल्यावर. सीडी १९८२ ची. ऑगस्ट १९८१ मध्ये एमटीव्ही सुरू झालं आणि त्यानंतरच्या वर्षांत गाणं 'दिसायला' लागलं. ते पहिल्या दिवशी सुरू झालं ज्या गाण्याने, ते 'व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार', १९७९ मधलं होतं. नवं यंत्र आलं की त्या क्षणी त्यावर वाजायला जुनंच गाणं असतं. यंत्राचा परिणाम गाण्यात उतरायला दोन-तीन वर्षं लागतात. म्हणून मी यंत्राच्या वर्षापेक्षा त्याच्या पुढची वर्षं ऐकतो.

हिंदी, मराठी आणि इंग्रजी गाणी एकाच वर्षात मोजायची का?

मोजा, त्यात फार आनंद आहे. वेगळी वहीच करायची असेल तर तीही करा, पण निदान एकदा सगळं एकत्र ऐका. भाषा समजत नसेल तर ठेका, आवाज आणि वाद्यांची मांडणी ऐका. एवढ्यावरही गाण्याचं वर्ष ओळखता येऊ लागतं.

तुमचं वर्ष कोणतं, आणि का?

१९७७.

मी ते निवडायला बसलो नव्हतो. १९७१ च्या शेजारी ठेवायला म्हणून घेतलं आणि महिन्यांच्या क्रमाने ऐकायला लागलो. जानेवारीत बोवीचा 'लो'. फेब्रुवारीत फ्लीटवुड मॅकचा 'रूमर्स', ज्यात एकमेकांपासून तुटत चाललेली माणसं एकमेकांच्या सुरात सूर मिळवून गातात. मार्चमध्ये क्राफ्टवर्कचा 'ट्रान्स-युरोप एक्स्प्रेस', ती रुळांवरून धावणारी इलेक्ट्रॉनिक आगगाडी. जूनमध्ये बॉब मार्लीचा 'एक्सोडस'. ऑक्टोबरमध्ये सेक्स पिस्टल्सचा एकुलता एक स्टुडिओ अल्बम. नोव्हेंबरमध्ये 'सॅटर्डे नाइट फीव्हर' या चित्रपटाचं संगीत. एवढे वेगवेगळे संसार एका वर्षात शेजारी शेजारी नांदताना मी दुसरीकडे कुठे ऐकले नाहीत.

आणि इकडे मे महिन्यात 'अमर अकबर अँथनी'. त्यातलं 'हमको तुमसे हो गया है प्यार' नीट ऐका. किशोर, रफी, मुकेश आणि लता एकाच गाण्यात आहेत. चित्रपट लागला तेव्हा मुकेश जाऊन नऊ महिने झाले होते. त्यांचा तो साधा, किंचित अनुनासिक आवाज मधेच येतो, प्रेमाचं मागणं मांडतो आणि पुढच्या गायकाच्या हाती गाणं देऊन निघून जातो. प्रत्येक वेळी माझ्या घशाशी काहीतरी येतं.

त्याच वर्षी 'हम किसीसे कम नहीं'. 'क्या हुआ तेरा वादा'साठी रफींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. किशोरच्या लाटेत ते मागे पडले असं म्हटलं जात होतं, त्या काळात. आणि त्याच वर्षी 'जैत रे जैत'. ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. 'नभ उतरू आलं'मध्ये आशाबाई जिथे 'नभ' म्हणतात, तिथे तो एक शब्द खरोखर खाली वाकतो. ढोलाचा नाद डोंगरातून आल्यासारखा वाटतो. जगात तेव्हा सिंथेसायझर डोकं वर काढत होता आणि इथे ठाकर आदिवासींच्या ढोलावर आणि लोकलयीवर इतकी आधुनिक गाणी बांधली जात होती. मला ही दोन टोकं एकाच वर्षात हवी असतात.

माझं मत पक्कं झालं ते मात्र दोन ठेक्यांमुळे. डोना समरचं 'आय फील लव्ह' आणि बी जीजचं 'स्टेइंग अलाइव्ह'. हेडफोन लावून लागोपाठ ऐका.

'आय फील लव्ह' ज्या अल्बममध्ये आहे त्याची कल्पनाच आपल्या विषयाशी सांगड घालणारी आहे. त्यातली गाणी गेलेल्या दशकांची आठवण करून देतात आणि शेवटचं हे गाणं भविष्याचं म्हणून केलेलं आहे. जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलट यांनी जवळजवळ सगळं 'मूग' नावाच्या सिंथेसायझरवर उभं केलं. खालचा बेस एका कानात वाजतो आणि त्याचा प्रतिध्वनी किंचित उशिरा दुसऱ्या कानात, म्हणून तो धावल्यासारखा वाटतो. पण त्या यंत्रातून बास ड्रमचा दणका हवा तसा निघेना. म्हणून तेवढा एक ठोका कीथ फोर्सी या वादकाने पायाने वाजवला, गाणंभर, यंत्राच्या बरोबरीने. सगळ्या यंत्रांत तो एक माणूस आहे.

'स्टेइंग अलाइव्ह'मध्ये बरोबर उलटं. गाणारे, गिटार, बेस, सगळी माणसं. ड्रम वाजवणाऱ्या डेनिस ब्रायनला घरच्या दुःखामुळे ध्वनिमुद्रण सोडून जावं लागलं. तेव्हा बी जीजच्याच 'नाइट फीव्हर'मधले त्याने वाजवलेले ड्रमचे दोन बार, म्हणजे ठेक्याची दोन आवर्तनं, कापून, टेपची दोन टोकं जोडून, तो तुकडा गोल गोल फिरवत ठेवला. गाणंभर ऐकू येतो तो हा फिरणारा टेपचा वेढा. रेकॉर्डवर ड्रमवादक म्हणून नाव छापलं 'बर्नार्ड लूप', असा कुणी माणूसच नाही. सगळ्या माणसांत ते एक यंत्र आहे.

एकाच वर्षात, वेगवेगळ्या देशांत, एकमेकांना न विचारता, एकाने यंत्रात माणूस बसवला आणि दुसऱ्याने माणसांत यंत्र. आज आपण जे काही नाचतो ते या दोन खोल्यांतून बाहेर आलेलं आहे. हे ज्या दिवशी मला ऐकू आलं त्या दिवशी मी वहीत १९७७ खाली रेघ मारली.

आणखी एक गोष्ट, जी लोकप्रिय संगीतात मोडत नाही तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऑगस्ट-सप्टेंबर १९७७ मध्ये दोन व्हॉयेजर यानं अवकाशात गेली. प्रत्येकात सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे. तिच्यावर चक बेरी यांचं 'जॉनी बी. गुड' आहे आणि केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहाँ हो', हीसुद्धा. त्याच सप्टेंबरात केसरबाई गेल्या.

१९७७ मध्ये वाईट गाणी नव्हती का?

भरपूर होती. डिस्कोच्या नावाखाली एकसारखी गाणी निघत होती आणि हिंदीत मारामारीच्या चित्रपटांत गाणं कुठेही कोंबलं जात होतं. माझ्या तिसऱ्या गटातल्या दहांपैकी दोन मी पुढे ढकलली. १९७१ मध्ये ढकलली होती पाच.

मित्राचं आणि माझं एकमत होत नाही. काय करावं?

वाद घालण्याऐवजी वर्षं बदलून घ्या. त्याच्या वर्षाची तीस गाणी त्याने निवडावीत आणि तुम्ही ऐकावीत, तुमची त्याने. अट एकच: ऐकताना कुणी समजावून सांगायचं नाही. माझ्या एका मित्राने १९८४ असंच माझ्या गळी उतरवलं. प्रिन्सचा 'पर्पल रेन' मी तोवर सबंध ऐकलाच नव्हता.

एकदा ठरवलं की वर्ष बदलायचं नाही का?

बदलू द्या. वहीत जुनं उत्तर खोडू नका, तारीख घालून नवं त्याखाली लिहा.

सध्या माझ्याकडे १९५५ चालू आहे आणि ते १९७७ ला चांगलंच भिडतंय. अमेरिकेत 'रॉक अराउंड द क्लॉक' त्या वर्षी पहिल्या क्रमांकावर गेलं, पण ते आलेलं १९५४ मध्ये, म्हणून माझ्या नियमाने मोजता येत नाही, याची हळहळ आहे. चक बेरींचं 'मेबेलीन' मात्र त्याच वर्षीचं. इकडे 'श्री ४२०' आणि सी. रामचंद्रांचं 'आझाद'. आणि पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून गदिमा आणि बाबूजींचं 'गीतरामायण', वर्षभर, ५६ गाणी. आजवर मी ते एका बैठकीत ऐकत आलो होतो. या वेळी त्या श्रोत्यांसारखं ऐकायचं ठरवलं आहे: आठवड्याला एकच गाणं, पुढचं उघडायचं नाही. १ एप्रिलला तेव्हा शुक्रवार होता, म्हणून मीही शुक्रवारच धरला. तेविसावा आठवडा चालू आहे.